रस्त्यात पडलेला मनुष्य आणि आपण

(संतपूर येथे मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 ‘दासोह’ या विषयावर मी बोलावे, अशी उत्सवमंडळाची इच्छा होती. परंतु दासोहाचा महिमा मी आपणांस सांगणे म्हणजे मांजरा नदीकाठच्या शेतकऱ्यास ज्वारीची ओळख करून देण्यासारखे आहे. या मठाच्या दारी आलेला मनुष्य उपाशी परत जात नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आला आहात. म्हणून त्याच विषयाची दुसरी बाजू आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. जो दारापर्यंत येऊ शकतो त्याची सोय आपण केली. पण जो वाटेतच कोसळला, ज्याला हाकही मारता येत नाही, त्याचे काय? शहराच्या भर रस्त्यात अनोळखी मनुष्य चक्कर येऊन पडतो आणि शेकडो माणसे त्याला वळसा घालून पुढे जातात, असे का होते?

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. प्रथम माझ्या एका अपराधाची कबुली देतो, मगच पुढे बोलण्याचा मला अधिकार राहील.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी काही कामानिमित्त मी मुंबईस गेलो होतो. सकाळी नवाच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावरून उतरत होतो. त्या वेळची तेथील गर्दी आपल्यापैकी ज्यांची मुले मुंबईस आहेत त्यांना ठाऊक असेल. तेथे मनुष्य चालत नाही, वाहतो. माझ्यापुढे आठ-दहा पायऱ्यांवर एक प्रौढ गृहस्थ कठड्यास धरून खाली बसले आणि मग एका अंगावर कलंडले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, ती दोन पायऱ्या खाली घरंगळली. नदीचे पाणी खडकापाशी फाटून पुन्हा एक व्हावे, तशी ती गर्दी त्यांच्या दोहों बाजूंनी गेली. आणि मीही गेलो. एकाने ती पिशवी उचलून त्यांच्या उशाशी ठेवली, तेवढेच. सायंकाळी परत आलो तेव्हा पायऱ्यांशी बसणाऱ्या एका विक्रेत्यास विचारले. त्यास काही ठाऊक नव्हते. ते गृहस्थ जगले की गेले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

आपण म्हणाल, हे शहराचे पाप. मोठ्या शहरात माणसांची मने दगडाची होतात. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. पण त्या पायऱ्यांवरून उतरणारा मी शहराचा नव्हतो. मी याच मातीतला होतो, आणि जन्मभर मुलांना दयाधर्माचे धडे शिकवून नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. तेव्हा दगडाच्या मनाचे उत्तर पुरेसे नाही. काही निराळे कारण असले पाहिजे.

या कारणांचा शोध विद्वानांनी घेतला आहे, आणि त्याची सुरुवात एका चुकीच्या बातमीपासून झाली. १३ मार्च १९६४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीचा तिच्या राहत्या इमारतीपाशी खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी खिडकीतून तो प्रकार पाहिला आणि एकानेही पोलिसांस कळवले नाही, असे तेथील एका मोठ्या वृत्तपत्राने छापले. साऱ्या जगात हळहळ झाली. पुढे कित्येक वर्षांनी उलगडा झाला, की बहुतेकांनी काही पाहिलेच नव्हते, काहींनी अर्धवट ऐकले होते. आणि एक शेजारीण तर स्वतःच्या जिवाची पर्वा न करता खाली धावली व त्या मुलीचे मस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मूळची हकीगत सदोष होती, हे त्या वृत्तपत्रानेही २०१६ साली मान्य केले. परंतु त्या बातमीने जो प्रश्न उभा केला तो खरा होता.

बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलावयास लावले. मध्येच एकाचा आवाज अडखळू लागला. त्यास फेफरे आले आहे, असे भासवले. हा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांस वाटत होते, त्यांतील शेकडा ८५ जण तो आवाज थांबण्यापूर्वीच मदतीस उठले. आणखी चौघे ऐकत आहेत अशी ज्यांची समजूत होती, त्यांतील मात्र शेकडा ३१ उठले. माणसे तीच, मने तीच. फरक पडला तो केवळ ‘दुसरे कोणी आहेत’ या जाणिवेने. न उठलेले निर्विकार होते, असेही नाही. प्रयोगकर्ते खोलीत शिरले तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांस घाम फुटला होता.

याचा अर्थ असा, की जबाबदारी ही घागरीतल्या पाण्यासारखी आहे. एकाच्या डोक्यावर असली तर तो ती जपून घरी नेतो. शंभरांत वाटली तर प्रत्येकाच्या ओंजळीत चार थेंब येतात आणि तेही बोटांच्या फटींतून गळून जातात. दादरच्या पुलावर माझ्यासारखा प्रत्येकजण हेच म्हणत होता, की एवढ्या माणसांत कोणीतरी थांबेलच.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. त्याच दोघांनी एका खोलीत धूर सोडून पाहिला. खोलीत एकटाच असलेल्या शंभरांतील ७५ जणांनी बाहेर येऊन सांगितले. पण सोबत दोन माणसे मुद्दाम निश्चल बसवून ठेवली, तेव्हा शंभरांत केवळ दहाजण उठले. बाकीचे डोळे चोळीत, खोकत तेथेच बसून राहिले! आपण संकट ओळखतो ते नुसत्या डोळ्यांनी नव्हे, तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून. मी तुमच्याकडे पाहतो, तुम्ही शांत दिसता. तुम्ही माझ्याकडे पाहता, मी शांत दिसतो. आणि दोघेही मनातून घाबरलेले असता ‘काही विशेष नसावे’ असा निर्णय घेऊन मोकळे होतो.

हे आपणांस नवीन नाही. महाभारतातील द्यूतसभा आठवा. त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. धर्म जाणणाऱ्यांची तेथे वाण नव्हती. प्रत्येकाने दुसऱ्या थोर पुरुषाकडे पाहिले, तो अधोवदन बसलेला दिसला, आणि त्याच्या मौनात स्वतःचे मौन लपवले. विदुराखेरीज उघड बोलला तो कोण? दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण. वयाने लहान, मानाने लहान, आणि अपराध्यांच्याच पक्षाचा. गर्दीचे मौन मोडण्यास भीष्माचे सामर्थ्य लागत नाही, विकर्णाची जीभ लागते, हा त्या कथेचा बोध मला या प्रयोगांनंतर नव्याने कळला.

तिसरे कारण घाईचे, आणि ते धर्मकार्य करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७३ साली अमेरिकेतच प्रिन्स्टन येथे, ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी एक प्रयोग केला. या विद्यार्थ्यांस दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण करावयाचे होते. त्यांपैकी निम्म्यांचा विषय, वाटेत जखमी पडलेल्या परक्यास उचलणाऱ्या दयाळू प्रवाशाची बायबलातील कथा, हाच होता. वाटेत दाराशी एक मनुष्य मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना सवड होती त्यांतले शेकडा ६३ थांबले. ‘तुम्हांला उशीर झाला आहे’ असे ज्यांस सांगितले होते त्यांतले शेकडा दहाच थांबले. भाषणाचा विषय दयेचा असल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दयेवर प्रवचन करावयास निघालेले काहीजण त्या मनुष्यास अक्षरशः ओलांडून गेले!

सद्भक्तहो, हे वाचले तेव्हा मला प्रथम हसू आले, आणि लगेच दादरचा पूल आठवून ते विरले.

चौथे कारण आपल्या देशात फार बलवान आहे. ते म्हणजे भय. ‘उचलशील तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, साक्षीस खेटे घालावे लागतील, दवाखान्याचा खर्च तुझ्याच माथी बसेल’ असा उपदेश बापाने मुलास केला नाही असे घर विरळा. २०१३ साली सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने आपल्या देशातील शहरांत पाहणी केली. अपघातग्रस्तास आपण मदत करू असे वाटत नाही, असे शेकडा ७४ लोकांनी सांगितले, आणि त्यांतील शेकडा ८८ जणांनी कायद्याच्या कटकटीचे कारण दिले. याचे विदारक रूप आपल्याच कल्याण-कर्नाटकात कोप्पळ येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. सायकलवरून जाणारा अठरा वर्षांचा मुलगा बसखाली सापडला, रक्ताच्या थारोळ्यात मदत मागत राहिला, आणि भोवती जमलेल्यांतील कित्येकजण भ्रमणध्वनीवर त्याची चित्रे घेत होते. तो मुलगा वाचला नाही.

या भयास पूर्वी आधार होता. आता तो बराचसा राहिलेला नाही, हे मला येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. जखमीस तत्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टराचे आद्य कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात दिला. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचे बळ दिले. आपल्या कर्नाटक राज्याने त्याच साली मदतकर्त्यांसाठी स्वतंत्र कायदा संमत केला, व २०१८ साली त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे २०१९ साली केंद्राच्या मोटारवाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले व २०२० साली त्याचे नियम झाले. त्यांचे सार असे: मोटार-अपघातातील जखमीस सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही उणे राहिले म्हणून दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही, साक्षीदार होणे न होणे त्याच्या इच्छेवर आहे, आणि हे हक्क दवाखान्याने दर्शनी जागी लोकभाषेत लावले पाहिजेत. कायदा झाला, पण तो लोकांच्या कानी पोहोचला काय? ज्या गोष्टीची भीती आता उरू नये तिला भिऊन आपण अजूनही बाजूला होत असू, तर तो दोष कायद्याचा राहत नाही.

पाचवे कारण सांगताना माझी जीभ थोडी अडखळते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसास मुद्दाम पडण्यास सांगून लोक काय करतात ते पाहिले. त्याच्या हाती आजाऱ्याची काठी होती तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा लोक आपण होऊन धावले. हाती बाटली व अंगास दारूचा वास होता तेव्हा ३८ पैकी १९ वेळाच. म्हणजे आपण पडलेल्या माणसाची आधी परीक्षा घेतो, मग दया करतो. कपडे मळके दिसले की ‘प्यालेला असेल’ हे उत्तर तयार असते. पण मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली किंवा मेंदूत रक्त साकळले, तर शुद्धीवरचा मनुष्यही झिंगल्यासारखा झोकांड्या खातो, बोबडे बोलतो. आणि समजा, तो खरोखरीच प्यालेला आहे. म्हणून त्याने मरावे काय?

येथे गावाचीही बाजू मोकळ्या मनाने तपासली पाहिजे. आपण म्हणतो, आमच्या गावी असे होत नाही. बाजारच्या दिवशी पारापाशी कोणी पडला तर ‘अप्पा, काय झालं?’ म्हणत चारजण धावतात, हे खरे. पण का धावतात? तो कोणाचा कोण, हे ठाऊक असते म्हणून. ज्याचा कोणी ठाऊक नाही, किंवा ज्याचे कूळ ठाऊक आहे म्हणूनच ज्यास शिवावयाचे नाही, त्याच्यासाठी गाव किती धावले? पैठणच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे पोर नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपण भक्तीने सांगतो. पण नाथांच्या अगोदर त्या वाटेने कितीजण गेले असतील, हे आपण विचारीत नाही. ते शहरातले नव्हते.

म्हणून मला वाटते, शहर आणि गाव हा भेद वरवरचा आहे. खरा भेद ‘आपला’ आणि ‘परका’ हा आहे. त्या दादरच्या गृहस्थांच्या गळ्यात लिंग होते की नाही, हे मी पाहिले नव्हते. असते, आणि मला दिसले असते, तर मी थांबलो असतो काय? बहुधा थांबलो असतो. हे उत्तर मला न थांबण्याहूनही अधिक लाजिरवाणे वाटते. येथून जवळच, कल्याणच्या भूमीत, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. समोरच्या मनुष्याविषयी ‘हा कोणाचा’ असे मनात येऊ नये, ‘हा आपला’ असेच यावे, या आशयाचे त्यांचे वचन आपणांस मुखोद्गत आहे. ते मी येथे म्हणून दाखवीत नाही. ते म्हणता येणे सोपे आहे, पुलाच्या पायऱ्यांवर आठवणे कठीण.

२००५ साली इंग्लंडात याच गोष्टीची प्रचीती आली. एका चेंडूसंघाच्या चाहत्यांसमोर एक माणूस धावता धावता पडला. त्याच्या अंगात त्यांच्याच संघाचा सदरा असला तर ते धावत. प्रतिस्पर्ध्यांचा असला तर फारसे धावत नसत. परंतु ‘तुम्ही सर्वच या खेळाचे चाहते’ असे आधी मनावर बिंबवले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या सदऱ्यासाठीही ते तितक्याच तत्परतेने धावले. माणसाचे मन बदलावे लागले नाही. ‘आपले’ या शब्दाचे कुंपण थोडे पुढे सरकवावे लागले, इतकेच. धर्माचे काम याहून निराळे ते काय आहे?

आणि हे कुंपण सरकू शकते, याचे पुरावे आपल्याच डोळ्यांदेखत घडले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगडमातीखाली गेली. तेव्हा ढिगारे उपसणाऱ्या हातांनी खालच्याची जात वा भाषा विचारली नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ज्या मुंबईला आपण निर्दय म्हणतो तिने अनोळखी माणसांस हात धरून पाण्यातून काढले, घरात घेतले, चहा-पाव दिला. कारण त्या दिवशी संकट संदिग्ध नव्हते, कोणास कोठे पोहोचावयाचे नव्हते, आणि सारेच एका नावेत होते. २०१९ साली तीन देशांतील शहरांच्या रस्त्यांवरील छायाचित्रणात २१९ भांडणे तपासण्यात आली. दहांपैकी नऊ प्रसंगी कोणी ना कोणी मध्ये पडलेच होते. तेव्हा मनुष्य मुळात दुष्ट नाही. तो पहिल्या पावलाची वाट पाहत असतो. पहिले पाऊल पडले, की दुसरे आपोआप पडते.

तर मग ते पहिले पाऊल कसे टाकावे? एवढे सांगून मी आटोपते घेतो.

पहिली गोष्ट, पडलेल्याजवळ जा आणि खांद्यास थोपटून मोठ्याने हाक मारा. ‘काका, ऐकू येतंय का?’ एवढा एक प्रश्न विचारला, की तो मनुष्य परका राहत नाही. दुसरी गोष्ट, जमावास उद्देशून ‘कोणीतरी फोन करा’ असे कधीही म्हणू नका. ‘कोणीतरी’ नावाचा मनुष्य जगात नाही. एकाकडे बोट दाखवून म्हणा, ‘अहो, निळ्या सदऱ्याचे दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा, ताई, तुम्ही ही गर्दी मागे सारा.’ वाटली गेलेली जबाबदारी अशी पुन्हा एकाच्या डोक्यावर ठेवता येते. तिसरी गोष्ट, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. फेफरे आलेल्यास कांदा वा वहाण हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. झटके थांबू द्या आणि एका कुशीवर वळवा. आपल्याकडच्या वैशाखात उन्हाने कोसळलेल्यास सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला. आणि हाक मारूनही जो हलत नाही व नीट श्वास घेत नाही, त्याच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहा. हृदय थांबल्यावर उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास जगण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटते. हे शिकण्यास अर्धा दिवस पुरतो. पूज्य स्वामीजींच्या चरणी माझी विनंती आहे, की प्रतिवर्षी या उत्सवात एक दुपार या शिक्षणासाठी राखून ठेवावी आणि मठाच्या तरुण सेवेकऱ्यांपासून त्याचा आरंभ करावा.

बंधुभगिनींनो, संत दामाजींनी बेदरच्या बादशहाचे कोठार दुष्काळात लोकांस खुले केले, तेव्हा ‘परवानगी कोणी द्यावी’ हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला. समोरची भूक ढकलता येण्याजोगी नव्हती. आपल्याकडून कोणी कोठारे मागत नाही. दहा मिनिटे मागितली जातात, आणि तीही अशा माणसाकडून ज्याला मागता येत नाही.

आपली मुले आज पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस आहेत. त्यांतला एखादा उद्या अशाच कोण्या पुलावर कोसळेल तेव्हा आपण तेथे नसू. तेथे असेल तो कोण्या परक्या गावाहून आलेला, घाईत असलेला, माझ्यासारखा एक मनुष्य. त्याने थांबावे, असे आपणांस वाटते ना? मग आपल्या वाटेत जो पडेल त्याच्यापाशी आपण थांबले पाहिजे. दासोहाचा दुसरा अर्थ मला तरी ठाऊक नाही.

त्या गृहस्थांचे ऋण मला फेडता आले नाही. ते आपल्यापैकी कोणाच्या हातून फिटावे, एवढी प्रार्थना.